शंकर आबाजी भिसे : बक्षिसानंतरची हकिकत

गेल्या दिवाळीच्या सुटीत इंदूरला मामांकडे जाण्याचा योग आला. बेळगावहून पुणे आणि पुण्याहून रात्रीच्या गाडीने इंदूर असा हा लांबचा प्रवास. पण मामीच्या हातचे पोहे आणि सराफ्यातील रात्रीची खाद्ययात्रा यांच्या आशेने तो फारसा जाणवत नाही. मामांचे सियागंजात किराणा मालाचे लहानसे दुकान आहे. सियागंज म्हणजे इंदूरची किराण्याची जुनी पेठ. हमालांची हाकाटी, हातगाड्यांची गर्दी आणि धने-मिरच्यांचा नाकात बसणारा वास. त्या गादीवर चार दिवस बसले तर बी. कॉम.च्या चार पुस्तकांइतके ज्ञान मिळते, असे मामांचे ठाम मत आहे, आणि वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी असूनही मला ते आजवर खोडून काढता आलेले नाही.

पण हा लेख दुकानाविषयी नाही. तो शंकर आबाजी भिसे या गृहस्थांविषयी आहे. त्यांना जाऊन आता नव्वद वर्षे झाली. त्यांची आठवण मला त्या दुकानात का झाली, ते आधी सांगते.

माझा मामेभाऊ नववीत आहे. केंद्र सरकारची ‘इन्स्पायर मानक’ नावाची एक योजना आहे. शाळकरी मुलांनी आपल्या डोक्यातील नवी कल्पना लिहून पाठवायची. निवड झाली की ती प्रत्यक्षात आणण्यासाठी १०,००० रुपये मुलाच्या बँकेतील खात्यात जमा होतात आणि पुढे जिल्हा, राज्य, राष्ट्र अशा पायऱ्यांनी प्रदर्शने भरतात. आमच्या बंधुराजांची कल्पना निवडली गेली होती. वर पत्र्याचे नरसाळे, त्यात तांदूळ. खाली वजन कळणारा एक तुकडा आणि छोट्या मोटारीवर चालणारी झडप. आकडा दाबला की तेवढाच तांदूळ पिशवीत पडावा आणि झडप आपोआप बंद व्हावी. लहानपणापासून दुकानात माप टाकणारे वडील पाहिलेल्या मुलाला दुसरे काय सुचणार!

यंत्र झाले, पण एक खोड राहिली. पाव किलो मागितले की वीस-पंचवीस ग्रॅम तांदूळ जास्त पडे. कारण सोपे होते. झडप बंद होण्याच्या क्षणी काही दाणे झडप सोडून हवेत असतात. ते वजनात धरलेले नसतात, पण पिशवीत मात्र पडतात. बरे, ते वजा करावेत तर नरसाळे भरलेले असताना एक धार आणि रिकामे होत आले की दुसरी. बंधुराज पंधरा दिवस त्या वीस ग्रॅमांशी झगडत होते. इकडे शाळेतून असे सुचवले गेले की, हे अर्धवट यंत्र नेण्यापेक्षा बाजारात चकचकीत तयार नमुने मिळतात, त्यातला एखादा आणून रंगवून न्यावा. परीक्षकांसमोर चालला म्हणजे झाले. मी पोहोचले तेव्हा घरात त्यावरूनच धुसफूस चालू होती.

मला एकदम भिसे आठवले. आठवीत असताना वक्तृत्व स्पर्धेत मी त्यांच्यावर बोलले होते आणि दुसरा क्रमांक मिळवला होता. तेच भाषण मी मामेभावाला जवळजवळ जसेच्या तसे ऐकवले. लंडनच्या स्पर्धेत किराणा मालाच्याच वजनयंत्राला पहिले बक्षीस मिळवणारा मराठी माणूस, भारताचा एडिसन वगैरे. मुलगा लक्ष देऊन ऐकत होता. भाषण संपल्यावर त्याने एकच विचारले. त्या यंत्राचे पुढे काय झाले? ते दुकानांतून आले का?

मला उत्तर देता आले नाही. माझे भाषण बक्षिसापाशी संपत होते. पाच मिनिटांची घंटा तिथेच होत असे.

सुटीतले उरलेले दिवस आणि परत आल्यावरचे काही रविवार मी त्या प्रश्नामागे घालवले. जे हाती लागले ते पुढे देते. आधीची पाच मिनिटेही थोडक्यात सांगायला हवीत, कारण आपल्यापैकी पुष्कळांनी भिसे हे नावही ऐकलेले नसेल.

शंकर आबाजी भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत झाला. आगगाडी सुरू होऊन तेव्हा अवघी चौदा वर्षे झाली होती. चौदा वर्षांच्याच वयात शंकरने घरच्या घरी दगडी कोळशापासून जळणारा वायू काढण्याचे उपकरण तयार केले. बंद भांड्यात हवा न लागू देता कोळसा तापवायचा आणि निघणारा वायू नळीने बाहेर घ्यायचा, हे त्यामागचे तत्त्व. आजच्या नववीतल्या मुलाने घरी असे करायचे म्हटले तर मामी त्याला घराबाहेर काढील. यंत्रविद्या शिकवणारे गुरू किंवा कॉलेज त्यांच्या वाट्याला आले नाही. ‘सायंटिफिक अमेरिकन’ हे अमेरिकेचे नियतकालिक त्यांच्या हाती पडे, आणि तेच त्यांचे कॉलेज झाले. यंत्रांचे शिक्षण आपल्याला त्या पानांतून मिळाले, असे ते पुढे अमेरिकेत गेल्यावरही आवर्जून सांगत.

पोटासाठी त्यांनी मुंबईत अकाउंटंट जनरलच्या कचेरीत नोकरी धरली. माझ्या भाषणात हे वाक्य नव्हते. तेव्हा मला ते रुक्ष वाटले असावे. आता मात्र तेच मला सर्वांत जवळचे वाटते. दिवसा सरकारी जमाखर्चाच्या वह्या आणि संध्याकाळी चाके, स्प्रिंगा, आरसे. एका घन वस्तूचे पाहता पाहता दुसऱ्या वस्तूत रूपांतर झाल्याचा भास घडवणारे दृष्टिभ्रमाचे प्रयोग त्यांनी बसवले. मुंबईत ‘सायंटिफिक क्लब’ काढला, ‘विविध कलाप्रकाश’ नावाचे मराठी मासिक चालवले. कुणी उघडून पुन्हा बंद केली तर लगेच कळावे अशी बाटली केली. पुढचे स्टेशन कोणते, हे गाडीतल्या उतारूंना दाखवणारे यंत्र केले. मुंबईच्या लोकलमध्ये हल्ली पाटीवर स्टेशनाचे नाव सरकत जाते. त्याची कल्पना सव्वाशे वर्षांपूर्वी एका कारकुनाच्या डोक्यात होती, हे उतारूंना कोण सांगणार?

आणि मग ती स्पर्धा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत लंडनमधील शोधकांच्या एका नियतकालिकाने आवाहन केले की, सुटा किराणा माल आपोआप वजन करून देणाऱ्या यंत्राचा आराखडा पाठवा. भिशांनी मुंबईतून आपला आराखडा धाडला आणि विलायतेतल्या यंत्रज्ञांना मागे टाकून तो पहिला आला. त्या काळी ही गोष्ट केवढी मोठी, हे वेगळे सांगायला नको. यंत्र करावे साहेबाने आणि चालवावे आपण, अशीच सर्वांची समजूत होती. मुंबईतील पुढारी मंडळींचे लक्ष वेधले गेले. काँग्रेसचे एक चिटणीस दिनशा वाच्छा यांनी लंडनला दादाभाई नौरोजींकडे शिफारस केली आणि भिसे नोकरीवर पाणी सोडून लंडनला गेले.

इथे घंटा होते. इथून पुढे मला ठाऊक नव्हते.

पहिले उत्तर असे की, वजनयंत्राने भिसे श्रीमंत झाले नाहीत. स्पर्धेत पहिला येतो तो आराखडा. आराखड्याचे यंत्र व्हायला लोखंड लागते, कारागीर लागतात, जागेचे भाडे लागते, आणि ते यंत्र शंभर दुकानदारांच्या गळी उतरवायला तर त्याहून जास्त लागते. शिवाय पेटंट. आम्हाला व्यापारी कायद्यात हा विषय चार ओळींत उरकतात. पेटंट म्हणजे सरकारने शोधकाला काही वर्षांपुरता दिलेला एकाधिकार. इंग्लंडात तेव्हा ही मुदत १४ वर्षांची होती. आज आपल्याकडे ती २० वर्षे आहे. पण हा हक्क घेतला की आपोआप टिकत नाही. ठराविक काळाने फी भरत राहावे लागते, नाहीतर तो बुडतो. म्हणजे शोध लागताक्षणी शोधकाच्या वहीत पहिली नोंद जमेची नव्हे, खर्चाची होते. ज्याच्यापाशी भांडवल नाही त्याला आपलाच शोध पोसणे जड जाते.

हे भांडवल सुरुवातीला दादाभाईंनी उभे केले. दादाभाई म्हणजे हिंदुस्थानचे पितामह, १८९२ साली अवघ्या ५ मतांनी ब्रिटिश पार्लमेंटात निवडून आलेले. पण ते लंडनमध्ये व्यापारी म्हणूनही वावरलेले होते, हे आपण विसरतो. हिंदुस्थानातून संपत्ती कशी वाहून जाते, याचा हिशेब मांडण्यात त्यांनी हयात घालवली. हिंदी माणसाने यंत्र शोधावे आणि त्याचा पैसा हिंदी माणसाकडे यावा, यात त्यांना रस वाटला तर नवल नाही. स्वतः सत्तरी ओलांडलेली असताना त्यांनी भिशांना पैसे दिले, ओळखी करून दिल्या.

लंडनमध्ये भिशांच्या डोक्याला विश्रांती नव्हती. विजेवर चालणारी जाहिरातीची पाटी त्यांनी केली आणि ती तिथल्या क्रिस्टल पॅलेसमध्ये झळकली. स्वयंपाकघरातली उपकरणे, टेलिफोन, डोकेदुखीवरचे यंत्र, संडासात आपोआप पाणी सोडणारी योजना, एवढेच काय, स्त्रियांच्या पोषाखासंबंधीही एक पेटंट. आयुष्यभरात दोनशेच्या आसपास शोध आणि चाळीसच्या आसपास पेटंटे, असा त्यांचा हिशेब सांगतात. मला मात्र ही यादी वाचताना कौतुकाबरोबर थोडी धास्तीही वाटली. दुकानात नवा माल रोज येतो आणि जुना विकला जात नाही, तेव्हा मामा ज्या नजरेने कोठाराकडे पाहतात, तशी काहीशी.

एका यंत्रावर मात्र भिसे ठाण मांडून बसले. ते म्हणजे छपाईचे खिळे पाडणारे यंत्र, भिसोटाइप.

आजच्या आपल्या पिढीला खिळा म्हणजे काय, हे सांगावे लागते. पूर्वी छापखान्यात प्रत्येक अक्षराचा शिशाच्या मिश्रधातूचा एकेक तुकडा असे. त्याला खिळा म्हणत. जुळारी ते खिळे एकेक उचलून ओळ जुळवी, ओळींचे पान करी. गंमत अशी की कन्नडमध्येही छपाईच्या अक्षराला मोळे म्हणजे खिळाच म्हणतात. दोन्ही भाषांच्या जुळाऱ्यांना एकच उपमा सुचावी याचे मला फार दिवस कौतुक वाटत आले आहे. आपल्या या अंकाचा मराठी विभाग आणि कन्नड विभाग निदान इथे तरी एका खिळ्यावर टांगलेले आहेत.

हे खिळे पाडणे आणि जुळवणे हेच छपाईतले वेळखाऊ काम. १८८६ साली न्यूयॉर्कच्या ‘ट्रिब्यून’ वृत्तपत्रात लायनोटाइप यंत्र आले आणि सबंध ओळच्या ओळ एका ठोकळ्यात ओतली जाऊ लागली. त्यात एक अक्षर चुकले तर सारी ओळ वितळवायची. मोनोटाइप सुटे खिळे पाडी, पण ते यंत्र गुंतागुंतीचे आणि महाग. भिशांना साधे, स्वस्त आणि त्या दोघांपेक्षा जलद खिळे पाडणारे यंत्र हवे होते. इंग्रजीचे काम शंभर-सव्वाशे खिळ्यांत भागते. मराठीला काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे धरून शेकडो खिळ्यांचा खण लागतो, आणि कन्नडचे ओत्तक्षर पाहता तिथेही तीच गत. तेव्हा स्वस्तात खिळे पाडणाऱ्या यंत्राचे महत्त्व आपल्या भाषांना किती, हे कुणाच्याही ध्यानात येईल.

यंत्र चांगले होते. अडचण एकच, त्यामागे मोठी रक्कम उभी करणारा कुणी हवा होता. आधीच्या बड्या कंपन्यांनी बाजार व्यापलेला. एका परक्या देशातल्या, काळ्या वर्णाच्या, नावामागे पदवी नसलेल्या माणसाच्या यंत्रात पैसा कोण घालणार? दादाभाईंनी आपले स्नेही हेन्री हाइंडमन यांना गळ घातली. हे हाइंडमन इंग्लंडातल्या समाजवाद्यांचे पुढारी! भांडवलशाही उलथून टाकण्याची भाषणे करणारा माणूस एका हिंदी शोधकासाठी लंडनच्या भांडवलदारांचे उंबरे झिजवतो आहे, हे चित्र मला फार आवडते. पण १९०७ च्या अखेरीस तेही जमत नाही, असे स्पष्ट झाले. दादाभाई त्याच वर्षी वार्धक्यामुळे कायमचे मायदेशी परतले होते. १९०८ साली भिसेही मुंबईस परतले. बक्षीस मिळाल्याला तोवर दहा वर्षे होत आली होती.

मामेभावाला मी हा भाग फोनवर सांगितला तेव्हा तो बराच वेळ गप्प होता.

पुढे गोपाळ कृष्ण गोखले यांच्यामुळे भिशांची रतन टाटांशी गाठ पडली. हे रतन टाटा म्हणजे जमशेटजींचे धाकटे चिरंजीव. नुकतेच आपण ज्यांना गमावले ते नव्हेत. यांनीच १९०९ साली दक्षिण आफ्रिकेतील गांधीजींच्या लढ्याला २५,००० रुपये पाठवले होते. त्यांच्या पैशाने १९१० साली लंडनमध्ये टाटा-भिसे इन्व्हेन्शन सिंडिकेट स्थापन झाले. भांडवल टाटांचे, बुद्धी भिशांची. पहिल्यांदाच भिशांना पाय रोवून काम करता आले, आणि एकेक खिळा पाडणारे यंत्र विक्रीला नेण्याइतके तयार होत आले. तोच १९१४ साली महायुद्ध पेटले. लोखंड तोफांकडे वळले, कारखाने दारूगोळ्याकडे. अशा वेळी छापखान्याचे नवे यंत्र कोण विकत घेणार? रतन टाटांची प्रकृतीही ढासळत गेली; १९१८ साली ते वारले. सिंडिकेट त्याआधीच थंडावले होते.

हा दोष कुणाचा म्हणावा? मी पुष्कळ विचार केला. भिशांनी एकच यंत्र धरून त्याचीच विक्री बघितली असती तर, असे म्हणता येते, आणि थोडेफार मला ते पटतेही. पण ते म्हणणे सोपे आहे. युद्ध काही कुणाच्या अंदाजपत्रकात नव्हते.

१९१६ च्या सुमारास भिसे न्यूयॉर्कला गेले. वय जवळजवळ पन्नास. आपल्याकडे या वयात माणसे निवृत्तीचे दिवस मोजू लागतात. यांनी तिसऱ्या देशात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तिथे त्यांनी खिळ्यांचे यंत्र आणखी सुधारले, स्वतःची कंपनीही काढली. पण बाजारात खऱ्या अर्थाने चालले ते कोणतेही यंत्र नव्हे. ते होते आयोडीनपासून केलेले एक औषध, ॲटोमिडीन. भिशांच्या मृत्यूनंतरही ते अनेक वर्षे विकले जात होते. आयुष्य लोखंडात घालवले आणि खपले ते बाटलीतले पाणी. मामांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले की, यात नवल काही नाही. दुकानदार कशावर जगतो, हे पाटीवर कधीच लिहिलेले नसते.

उतारवयात भिसे परलोकविद्येकडेही वळले आणि मृतात्म्यांचे निरोप टिपणारे टंकयंत्रही त्यांनी केले. आठवीतल्या भाषणातून मी हे गाळले असते हे नक्की. आता गाळत नाही. चौदाव्या वर्षी कोळशातून वायू काढणारा मुलगाच साठीत हेही करून पाहत होता; प्रयोग करून पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे, इतकाच मी त्याचा अर्थ लावते.

१९३० साली त्यांची खुद्द थॉमस एडिसन यांच्याशी भेट झाली. अमेरिकन वृत्तपत्रे त्यांना भारताचा एडिसन म्हणू लागलीच होती. दोघांच्या भेटीचा विचार करताना माझ्यातल्या वाणिज्याच्या विद्यार्थिनीला एकच फरक दिसतो. एडिसनपाशी कारखाना होता, वकील होते, मागे बँका होत्या. भिशांपाशी एक ऐंशीचे दादाभाई, एक समाजवादी आणि एक आजारी टाटा होते. आणि तेही एकाच वेळी नव्हे, एकामागून एक. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये भिसे वारले. सदुसष्ट वर्षे पुरी झाली होती. अडुसष्टाव्या वाढदिवसाला तीन आठवडे कमी होते.

आता इंदूरकडे वळते. तयार नमुना आणण्याचा प्रस्ताव बंधुराजांनी नाकारला. भिशांच्या गोष्टीमुळे नाकारला असे लिहिण्याचा मोह होतो, पण ते खरे नाही. मी इंदूर सोडण्याआधीच त्याने मामांना सांगितले होते की, विकत आणलेल्या यंत्राबद्दल कुणी प्रश्न विचारला तर मला काय सांगता येणार? मामांनी त्यावर काही न बोलता प्रयोगासाठी आणखी पाच किलो तांदूळ काढून दिले.

जिल्ह्याच्या प्रदर्शनात त्याचे यंत्र पुढे गेले नाही. वीस ग्रॅम तिथेही जास्तच पडले. त्याने परीक्षकांना ते आपणहून सांगितले, हवेतल्या दाण्यांचे कारणही सांगितले. एका परीक्षकांनी खाली वाकून झडप दोनदा उघडून-मिटून पाहिली आणि पुढच्या टेबलाकडे गेले. घरी आल्यावर तो दोन दिवस कुणाशी बोलला नाही, असे मामीने कळवले.

यंत्र हल्ली मामांच्या दुकानात पोह्यांच्या पोत्याशेजारी आहे. त्याला आता दोन झडपा आहेत. मोठी आधी मिटते, मग बारीक धारेने उरलेले पडते. जास्तीचे वीस ग्रॅम सातवर आले आहेत. मामा पिशवी यंत्राखालून काढतात, सवयीने जुन्या काट्यावर ठेवतात, चिमूटभर पोहे परत पोत्यात टाकतात आणि गिऱ्हाइकाला पिशवी देतात.